टारफुल्याचं रान बायकांच्या वाट्याला

तमाले, उत्तर घाना

महाराष्ट्रात बाईच्या जमिनीचा विषय निघाला की गाडी सातबाऱ्यावर येते. ते योग्यच आहे. १९९४ ला राज्याने आणि २००५ ला केंद्राने मुलींना वडिलोपार्जित जमिनीत वाटा दिला, तरी वारसनोंदीच्या वेळी बहिणींच्या हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या जातातच. इथे मात्र सातबाराच नाही. घानातली सुमारे ८० टक्के जमीन रूढीने मुखिया आणि घराण्यांकडे असते.

बाई शेत मागते नवऱ्याकडे, नाहीतर मान म्हणून द्यायच्या कोला झाडाच्या बिया घेऊन, घरच्या पुरुषाला पुढे करून, घराण्याच्या वडीलधाऱ्याकडे. मिळतं एखादा एकर, तेही बहुधा मका येईना म्हणून सोडलेलं, टारफुल्याने, म्हणजे पिकाच्या मुळांना चिकटून जगणाऱ्या तणाने भरलेलं. आपल्या ज्वारीत येतो त्याच्याच जातकुळीचा हा, पण जांभळ्या फुलांचा. बाई त्यात भुईमूग लावते. भुईमुगाच्या मुळांशी टारफुल्याचं बी उगवतं, पण तिथे चिकटता येत नाही म्हणून मरून जातं. शिवाय जमिनीत नत्र साठतं. काही हंगामांत रान सुधारतं, आणि मग मक्यासाठी परत मागितलं जातं. मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे.

पाऊस एकच, मे ते ऑक्टोबर. ट्रॅक्टर आधी पुरुषांच्या रानात फिरतो, बाईची पेरणी लांबते, शेंगा भरायच्या आत पाऊस जातो. आंबा किंवा काजू लावणं म्हणजे मालकी सांगणं, म्हणून तेही तिला लावू देत नाहीत.

घानाच्या २०२० च्या भूमी कायद्याने रूढीची जमीन देताना भेदभावाला बंदी घातली आहे. तरी माझ्या मते पहिली मागणी मुदतीची हवी: किमान पाच वर्षांचा कागद. शेजाऱ्यांना घेऊन हद्द चालायची, चारी कोपरे लिहायचे, झाड लावायची मुभा लिहायची. सही नवऱ्याबरोबर दिरांचीही घ्यायची, कारण नवरा गेला की शेतावर हात ठेवतात ते दीरच.

आपल्याकडेही नावाच्या चर्चेत मुदत मागे पडते. कूळ लागेल या भीतीने मालक कागद करत नाही आणि बचत गटाच्या बायका तोंडी खंडाने शेत कसतात. पुढच्या वर्षी ते रान आपल्याकडे राहील की नाही हेच माहीत नसेल, तर त्यात शेणखताच्या गाड्या कशाच्या भरवशावर टाकायच्या?