‘पलीकडचं दिसतंय ना, मग ढगाखालून निघ’: हा सल्ला जीवघेणा आहे

‘स्टुडंट पायलटसाठी हवामानाचे 5 सोपे नियम’ असा एक मेसेज सध्या जोरात फिरतोय. माझ्या भाचीचं सोलो फ्लाइंग, म्हणजे प्रशिक्षकाशिवाय एकटीने उडणं, नुकतंच सुरू झालंय. तिच्या बॅचमधल्या कुणीतरी तो तिला पाठवला, वर ‘पाठ करून ठेव’ म्हणून सांगितलं. त्यातले नियम पाठ करण्याच्या लायकीचे नाहीत आणि पहिला तर सरळ जीव घेणारा आहे.

नियम 1: गडगडाटी ढगाखालून पलीकडचा उजेड दिसत असेल आणि वीज चमकत नसेल, तर खालून निघून जायला हरकत नाही.

साफ चूक. क्युम्युलोनिंबसखाली, म्हणजे गडगडाटी ढगाखाली, विमान पाडते ती हवा, आणि हवा दिसत नाही. पावसाने थंड होऊन जड झालेली हवा खाली कोसळते, जमिनीवर आपटते आणि चहूबाजूंना पसरते. हा मायक्रोबर्स्ट. अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक नियामक संस्थेचं एरोनॉटिकल इन्फर्मेशन मॅन्युअल कुणालाही फुकट वाचता येतं. पलीकडचं दिसत असलं तरी वादळी ढगाखालून जाऊ नका, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. तीव्र वादळापासून किमान 20 मैल लांब राहा, हेही तिथेच आहे.

त्यातले आकडे बघा. खाली येणारा झोत मिनिटाला 6000 फुटांपर्यंत जाऊ शकतो. जमिनीलगत पसरणारा वारा 45 नॉटपर्यंत (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल), म्हणजे या टोकाला समोरून 45 आणि त्या टोकाला पाठीमागून 45, एकूण 90 नॉटचा फरक. ट्रेनर विमान फायनलवर, म्हणजे धावपट्टीच्या रेषेत उतरताना, साधारण 65 नॉटने येतं आणि चांगल्या दिवशी फुल पॉवरवर मिनिटाला 700 फुटांच्या आसपास चढतं. झोत निम्म्या ताकदीचा धरला तरी हिशेब जमत नाही.

नवशिका फसतो कसा, तेही समजून घ्या. झोतात शिरताना आधी समोरचा वारा वाढतो. एअरस्पीड वाढतो, विमान ग्लाइडपाथच्या, म्हणजे उतरण्याच्या ठरलेल्या उताराच्या, वर जातं. विद्यार्थी शिकवल्याप्रमाणे थ्रॉटल मागे घेतो, नाक खाली करतो. पुढच्या काही सेकंदांत विमान खाली दाबलं जातं आणि लगेच पाठीमागून वारा लागतो. आता वेगही नाही, उंचीही नाही आणि पॉवर स्वतःच्याच हाताने काढलेली. त्यामुळे फायनलवर कारण नसताना वेग 10-15 नॉटने उडी मारतो आणि जवळपास पावसाचा पडदा आहे, तर ती खुशखबर समजू नका. ताबडतोब फुल पॉवर, गो-अराउंड, म्हणजे लँडिंग सोडून पुन्हा वर चढा.

2 ऑगस्ट 1985 ला डल्लास-फोर्ट वर्थला डेल्टा एअरलाइन्सचं फ्लाइट 191 हे ट्रायस्टार विमान असंच वादळाखालच्या पावसातून लँडिंगला आलं. वेग आधी वाढला, मग कोसळला. 137 जण गेले. तिथे तीन इंजिनांचं जेट आणि अनुभवी क्रू होता. इथे सोलोवरचा विद्यार्थी आहे.

नियम 2: पाऊस जमिनीपर्यंत पोचत नसेल तर धोका नाही. उलट, ढगाखाली लोंबणारा आणि मध्येच वाळून जाणारा पाऊस हीच कोरड्या मायक्रोबर्स्टची खूण. थेंबांची वाफ होताना हवा आणखी गार होते, आणखी जड होते. वळसा घाला.

नियम 3: कार्ब्युरेटरमध्ये (इंजिनात हवा आणि इंधन मिसळणाऱ्या भागात) बर्फ फक्त थंडीत धरतो. चूक. इंधनाची वाफ होताना आणि व्हेंच्युरीत, म्हणजे त्यातल्या अरुंद नळीत, दाब उतरताना आतलं तापमान 30 अंशांहून जास्त घसरू शकतं. त्यामुळे सर्वाधिक धोका 21 अंशांच्या खाली आणि 80 टक्क्यांवर आर्द्रता असताना असला, तरी एफएएच्या पायलट हँडबुकात 38 अंश आणि 50 टक्के आर्द्रतेतही तो शक्य असल्याचं म्हटलंय. फिक्स्ड पिच प्रोपेलरवर (पात्यांचा कोन न बदलणाऱ्या पंख्यावर) पहिली खूण म्हणजे आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला फेरे, हळूहळू उतरणं. इंजिन खडखडायला लागतं ते नंतर. कार्ब हीट, म्हणजे कार्ब्युरेटरला गरम हवा देणारा कंट्रोल, पूर्ण ओढा, अर्धवट नको. आरपीएम आणखी पडेल, वितळलेलं पाणी आत गेल्यामुळे इंजिन काही वेळ जास्तच खडखडेल. नेमकं याच क्षणी घाबरून विद्यार्थी हीट बंद करतात. करू नका, आरपीएम परत वर येईपर्यंत थांबा. खाली उतरताना थ्रॉटल मागे घेण्याआधी हीट लावा, नंतर नाही. इंजिन फ्युएल इंजेक्शनचं असेल तर हा प्रश्न येत नाही.

नियम 4: गरम हवा विमान पटकन उचलते. चूक. गरम हवा विरळ असते. विंग, प्रोपेलर आणि इंजिन, तिघांनाही ती कमी पडते. प्रेशर अल्टिट्यूड (हवेच्या दाबावरून येणारी उंची) 2000 फूट असेल तर तिथलं प्रमाण, म्हणजे आदर्श धरलेलं, तापमान 11 अंश. बाहेर 38 असेल तर फरक 27, गुणिले दर अंशाला 120 फूट, म्हणजे 3240 फूट; हे 2000 मध्ये मिळवा. विमानाच्या लेखी तुम्ही 5200 फुटांच्या वर आहात. तेवढ्याचा टेकऑफ रन चार्टमध्ये बघून घ्या.

नियम 5: तापमान आणि दवबिंदू (हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं ते तापमान) यांत 3 अंशांपेक्षा कमी फरक म्हणजे धुकं. हे अर्धं खरं आहे, मान्य करावंच लागेल. फरक कमी होत जाणं ही खरी सूचना आहे. पण वारा 15 नॉट असेल तर सहसा धुक्याऐवजी खालचे ढग येतात. निरभ्र रात्र, 5 नॉटच्या आत वारा आणि दर मेटारला (विमानतळाच्या ठरावीक वेळेच्या हवामान नोंदीला) घटत जाणारा फरक, हे तिन्ही एकत्र दिसलं की पहाटेचं उड्डाण पुढे ढकला. एकच मेटार बघून ठरवू नका, मागचे तीन-चार काढून ओळीने वाचा आणि सोबत टॅफ, म्हणजे विमानतळाचा हवामान अंदाज, तोही बघा.