उणे तीस, पक्का बर्फ आणि दोन घोट रम

जानेवारीत पारा घसरला की मिनेसोटातल्या मराठी मंडळींच्या फोनवर एक मेसेज फिरायला लागतो. यंदा तो मला चार वेळा आला. त्यातला एक थेट रत्नागिरीहून, आईकडून, "हे खरं का रे? तू जात नाहीस ना?" या पुरवणीसकट. मेसेज असा:

"उणे तीस म्हणजे आइस फिशिंगचा सुवर्णकाळ! थंडी जितकी कडक तितका बर्फ पक्का, गाडी थेट तळ्यावर घाला. विंड चिल हे टीव्हीवाल्यांचं खूळ, खरं तापमान बघा. तंबूत प्रोपेनचा हीटर लावला की टी-शर्टवर बसाल. वर दोन घोट रम. बोटं बधिर झाली तर स्नो चोळा. पाण्यात पडलात तर दोन मिनिटांत खेळ खलास, मग विचार कशाला? आणि कडाक्यात मासा वेड्यासारखा गळाला लागतो."

आईला फोनवर उत्तर दिलं. बाकीच्यांसाठी हे लिहितोय. मी स्वतः अकरा हिवाळे बर्फाला भोक पाडून, त्यात दोरी सोडून बसलेला माणूस आहे. या छंदाशी माझं भांडण नाही. आधी एक खुलासा, कारण हा मेसेज पुण्या-मुंबईतही पोचलाय: इथलं उणे तीस फॅरनहाइटमधलं, म्हणजे सेल्सियसमध्ये उणे ३४. उणे ४०ला दोन्ही मोजमापं एकच आकडा दाखवतात, त्यामुळे तिथे वाद मिटतो. पुढे जिथे सेल्सियस म्हटलेलं नाही तिथे आकडा फॅरनहाइटमधला समजा.

"थंडी जितकी कडक तितका बर्फ पक्का." यात अर्धं सत्य आहे आणि तेच माणसाला तळ्यावर नेतं. बर्फाची जाडी ही गेल्या पाच-सहा आठवड्यांची शिल्लक असते. आजची थंडी त्यात एका दिवसाची भर घालते, बस. तीही जाडी वाढेल तशी कमी होत जाते, कारण नवा थर खालून धरतो आणि पाण्यातली उष्णता वरच्या सगळ्या बर्फातून झिरपून बाहेर पडावी लागते. सोळा इंच, म्हणजे ४० सेंटीमीटर बर्फ आहे आणि हवा उणे ३० सेल्सियस आहे असं धरून हिशेब केला, तर दिवसाला तीन-चार सेंटीमीटर निघतात. त्यावर वीतभर स्नो पडलेला असेल तर जेमतेम एक. (मराठीत दोन्हीला बर्फच. इथे आम्ही पायाखाली असतो त्याला बर्फ म्हणतो आणि आभाळातून पडतो त्याला स्नो.) स्नो ही तळ्याची गोधडी आहे. कडाक्याच्या हिवाळ्यातही भरपूर स्नो लवकर पडला तर खालचा बर्फ पातळ राहतो, आणि त्या गोधडीखाली तो दिसतही नाही.

म्हणून जाडी थर्मामीटरवर बघायची नसते, भोक पाडून मोजायची असते. मिनेसोटाच्या नैसर्गिक संसाधन विभागाचे आकडे इथे बहुतेकांना पाठ असतात: पायी जायला किमान चार इंच, स्नोमोबीलला (बर्फावर धावणारी स्कूटरच म्हणा) पाच ते सात, छोट्या मोटारीला नऊ ते दहा, मध्यम आकाराच्या पिकअपला तेरा. हे आकडे नव्या, निळसर, काचेसारख्या बर्फाचे. दुधी पांढरा बर्फ असेल तर दुप्पट धरायचे. आणि तोच विभाग प्रत्येक वेळी वर जोडतो की शंभर टक्के सुरक्षित बर्फ नसतो. झऱ्याच्या तोंडाशी, ओढा येऊन मिळतो तिथे, दोन तळ्यांमधल्या अरुंद भागात पाणी हलतं राहतं. पन्नास पावलांवर सोळा इंच आणि इथे पाच, असं सहज होतं.

शिवाय पारा एका रात्रीत धाडकन उतरतो तेव्हा बर्फ आकसतो आणि तडकतो. रात्री तळ्याकाठी उभं राहिलात तर तो आवाज ऐकू येतो, लांबून कोणी तोफ डागावी तसा. आवाजाला घाबरायचं कारण नाही, पण काल नसलेली भेग आज असू शकते, आणि मोठ्या तळ्यांवर या भेगांच्या कडा एकमेकींवर चढून कमरेएवढे उंचवटे होतात. त्यांच्या बाजूला उघडं पाणी असतं. मोठ्या तळ्यांवर रिसॉर्टवाले बर्फावरचे रस्ते साफ करतात, भेगांवर पूल टाकतात आणि त्याचे पैसे घेतात. ते पैसे द्यावेत. त्या माणसाने सकाळी उठून तो रस्ता पाहिलेला असतो. मेसेज लिहिणाऱ्याने पाहिलेला नसतो.

मोठ्या तळ्यावर वाऱ्याचाही हिशेब वेगळा. २००९च्या फेब्रुवारीत लेक ईरीवर बर्फाचा प्रचंड तुकडा किनाऱ्यापासून सुटला आणि १३४ जणांना सोडवावं लागलं. एकाचा जीव गेला. २०२३च्या डिसेंबरअखेर मिनेसोटात अपर रेड लेकवर तसंच झालं, शंभरावर माणसं तुकड्यासकट वाहून गेली. तो हिवाळा उबदार होता हे खरं. पण उभ्या जागी बर्फ किती जाड आहे यावरून तो काठाला धरून आहे की नाही, हे कळत नाही.

"विंड चिल हे खूळ." विंड चिल म्हणजे वाऱ्यामुळे अंगाला जाणवणारी जास्तीची थंडी, आकड्यात मांडलेली. वाऱ्याने थर्मामीटर खाली जात नाही आणि इंजिनही हवेपेक्षा गार होत नाही, फक्त लवकर गार होतं. मेसेजवाल्याचं बरोबर आहे ते एवढंच. पण गाल म्हणजे इंजिन नव्हे. अंगाभोवती आपणच तापवलेल्या हवेचा पातळ थर असतो, वारा तो सतत उडवून नेतो. आज अमेरिका आणि कॅनडा जे कोष्टक वापरतात ते २००१चं. त्यासाठी माणसांना थंड वाऱ्याच्या बोगद्यात चालवून त्यांच्या चेहऱ्यावरून निघून जाणारी उष्णता मोजली होती. त्या कोष्टकाप्रमाणे शून्य फॅरनहाइटला ताशी १५ मैलांचा वारा असेल तर उघडी कातडी अर्ध्या तासात गोठू शकते. उणे वीसला तोच वारा असेल तर दहा मिनिटं पुरतात. ३० जानेवारी २०१९ला मिनियापोलिसमध्ये पारा उणे २८ला गेला, तेव्हा टपाल खात्याने इथलं वाटप बंद ठेवलं. ऊन-पाऊस-बर्फ न बघता पत्रं पोचवण्याची ज्यांची ख्याती, त्यांनी!

इथे माझी गोष्ट सांगतो, कारण या मेसेजमध्ये जे लिहिलेलंच नाही ते तिच्यात आहे. काही वर्षांपूर्वी मी आणि एक मित्र मिल लॅक्स या इथल्या मोठ्या तळ्यावर गेलो. सकाळी उणे २४, आकाश स्वच्छ, ऊन झगझगीत. तंबूत बरं होतं, मासे मिळाले, चार पर्च आणि एक वॉलआय. चारच्या सुमाराला आवरलं, किल्ली फिरवली. टक्. पुन्हा टक्. गाडीची बॅटरी शून्य फॅरनहाइटलाच जवळपास निम्म्या ताकदीवर येते, आणि इंजिनातलं घट्ट झालेलं तेल फिरवायला त्याच वेळी जास्त जोर लागतो. मित्राचा फोन ४० टक्क्यांवर होता, खिशातून बाहेर काढला आणि विझला. माझा आतल्या खिशात होता तो चालला, पण दोन मिनिटं बोलायला हातमोजा काढला तर बोटं बटणं दाबेनात. किनारा तीन किलोमीटर. मिल लॅक्स म्हणजे पाचशे चौरस किलोमीटरच्या वर सपाट पांढरा पट्टा, आडोसा म्हणून गवताची काडी नाही, आणि वारा समोरून. वीसेक मिनिटं चाललो तेव्हा रिसॉर्टचा ट्रक आला. त्या वीस मिनिटांत मित्राच्या गालावर रुपयाएवढा पांढराफटक डाग पडला होता आणि त्याला तो कळलाही नव्हता. पुढे आठवडाभर ती कातडी सुटत होती.

खालचा बर्फ त्या दिवशी वीस इंच होता. तो आमच्या काही कामाला आला नाही.

तेव्हापासून मी स्वतःला प्रश्न बदलून विचारतो. बर्फ मला पेलेल का, हे भोक पाडून कळतं. गाडी सुरू झाली नाही तर मी इथून काठापर्यंत चालत जाईन का, हे कोष्टकात बघावं लागतं, आणि त्याचं उत्तर "नाही" असेल तर पहिल्या प्रश्नाला अर्थ उरत नाही. आमच्या रत्नागिरीत पावसाळ्यात होड्या वर ओढून शाकारून ठेवतात आणि पूर्वापार रीत नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्रात न जाण्याची. तिथे कोणी म्हणत नाही की होडी मजबूत आहे, जायला काय हरकत.

आता हीटर. प्रोपेन उणे ४२ सेल्सियसला उकळतो, म्हणजे त्याच्या खाली त्याचा वायूच होत नाही. उणे ३४ सेल्सियसला सिलिंडरमधला दाब इतका पडतो की ज्योत मलूल होते; सगळ्यात जास्त गरज असते तेव्हाच हीटर हात आखडता घेतो. ब्युटेनचं तर नावच नको, तो शून्य सेल्सियसच्या आसपासच बसतो. मग लोक काय करतात? वारा येऊ नये म्हणून तंबूच्या कडा स्नोने लिंपतात, वरची झरोक्याची फट बुजवतात आणि दोन हीटर लावतात. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते, आणि सगळ्यांना वाटतं की थंडीमुळे किंवा रमने होतंय. हीटरमधला ऑक्सिजनचा सेन्सर हा या वायूचा अलार्म नव्हे. अलार्म वेगळा घ्यावा लागतो, आणि घरात भिंतीवर लावायचा अलार्म बहुधा गोठणाऱ्या थंडीसाठी बनवलेलाच नसतो, तेव्हा खोक्यावरचं तापमान वाचून घ्या. दोन झरोके उघडे ठेवा, एक वर, एक खाली. टी-शर्टवर बसायचं असेल तर घरी बसा.

रमबद्दल फार लिहीत नाही. तिने कातडीकडचं रक्त वाढतं, म्हणून ऊब वाटते. ती ऊब पोटातून निघून हवेत चाललेली असते. किनाऱ्यावर आल्यावर प्या, मला बोलवा.

स्नो चोळणं हा सल्ला आजोबांच्या काळातला आहे आणि तेव्हाही चुकीचाच होता. गोठलेल्या पेशींमध्ये बर्फाचे स्फटिक असतात. चोळलं की ते आतून कापतात. मित्राच्या गालावर आम्ही फक्त उघडा तळहात धरून ठेवला, ट्रकमध्ये बसल्यावर. बोटं असतील तर काखेत. खरंच गोठून कडक झाली असतील आणि पुन्हा गोठण्याची शक्यता असेल तर वाटेत वितळवूसुद्धा नका, डॉक्टर गाठा.

"दोन मिनिटांत खेळ खलास" हे वाक्य मला सगळ्यात घातक वाटतं, कारण ते ऐकून माणूस हातपाय गाळतो. मॅनिटोबा विद्यापीठातल्या गॉर्डन गिसब्रेख्त यांनी बर्फाळ पाण्यात माणसाचं काय होतं यावर अनेक वर्षं काम केलं, स्वतः पाण्यात उतरून. त्यांचा हिशेब एक-दहा-एक असा लक्षात ठेवतात. पहिलं एक मिनिट श्वास ताब्यात आणायला. छाती धपापते, तेव्हा तोंड पाण्यावर ठेवायचं, बाकी काही नाही. मग दहा मिनिटं हातपाय कामाचे असतात. शुद्ध हरपायला साधारण एक तास. त्या दहा मिनिटांत जिथून आलात त्या बाजूला वळा, कारण तिथल्या बर्फाने तुम्हाला पेललं होतं. कोपर कडेवर, पाय मागे आडवे करून पोहल्यासारखे मारा, वर आलात की उभे राहू नका, लोळत लांब जा. बर्फात रुतवून स्वतःला वर ओढायला, गळ्यात दोरीने अडकवायचे दोन टोकदार खिळे मिळतात, किंमत अगदी किरकोळ. ते बॅगेत ठेवू नका, बॅग गाडीत असते. मात्र उणे ३४ सेल्सियसला बाहेर आल्यावर ओल्या कपड्यांत चालायचं असतं हेही खरं, म्हणजे पुन्हा तोच किनाऱ्याच्या अंतराचा प्रश्न.

राहता राहिला मासा. त्याला तुमचं उणे तीस माहीतच नसतं. पाणी चार अंश सेल्सियसला सगळ्यात जड असतं, म्हणून तळाशी साधारण तेवढंच राहतं आणि बर्फाला टेकलेलं पाणी शून्यावर, वर काहीही होवो. वॉलआय संध्याकाळच्या अंधुक उजेडात लागतो, तो उणे दहालाही लागतो. फेब्रुवारीत बर्फाखाली अंडी घालणारा बर्बट, ज्याला इथे ईलपाऊट म्हणतात, त्याला थंडी मानवते हे मान्य. पण ती पाण्यातली थंडी. उलट लहान मासा परत सोडायचा असेल तर कडाका वाईटच. उघड्यावर काढून फोटोसाठी धरला की कल्ले आणि डोळे काही क्षणांत गोठायला लागतात, आणि तुम्ही "सोडून दिला" म्हणता तो तळाशी जाऊन मरतो.

येत्या शनिवारचा अंदाज उणे २६, वारा ताशी १५ मैल. ग्रुपवर दोघांनी अंगठा दाखवलाय. मंगळवारी पारा सातवर चढेल म्हणतात, शून्याच्या वरच्या सातवर, वारा नाही. मी मंगळवारची अर्धी रजा टाकली आहे, गाडीत एक जागा आहे. जम्पर केबल आणि कोरडे मोजे आपापले आणा.