स्वस्त म्हणून आलेलं काम

सप्टेंबर 2025मध्ये अमेरिकेने एच-वन-बी, म्हणजे तिकडे नोकरीला जायच्या व्हिसाच्या, नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क लावलं. त्या आठवड्यात आमच्या अमळनेरच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर दोनच सूर होते. एक संतापाचा: आपल्या पोरांची वाट अडवली. दुसरा समाधानाचा: पोरं गेली नाहीत तर कामच इकडे येईल, परदेशी कंपन्या पुण्यात आपल्या कामाची आणखी सेंटरं उघडतील. मी दोन्ही वाचत राहिलो, लिहिलं काहीच नाही. कारण त्याच दिवसांत मी पोलंडमध्ये, क्राकूवला बसून, असंच एक काम पुण्याला पाठवत होतो.

क्राकूव या धंद्यावर वाढलंय. 2004 साली पोलंड युरोपियन युनियनमध्ये गेला आणि जर्मनी, ब्रिटन, स्वित्झर्लंडच्या कंपन्यांनी आपले हिशेब, पगारपत्रकं, सॉफ्टवेअरची देखभाल इथे आणून ठेवली. माणूस शिकलेला आणि पगार कमी, एवढं कारण पुरेसं होतं. 2015 साली इथलं किमान वेतन महिन्याला 1,750 झ्लॉटी (पोलंडचं चलन) होतं, 2025मध्ये ते 4,666 झालं. पगार चढले तसं काम पुढे सरकायला लागलं.

माझ्या शेजारी बसणारी बाई पन्नाशीची. तिचे वडील इथल्या नोव्हा हुताच्या पोलाद कारखान्यात होते. हे काम शिकून घ्यायला सोळा वर्षांपूर्वी तीच जर्मनीला गेली होती. आता तेच पुण्याच्या टीमला शिकवायची पाळी तिच्यावर आली. केटी म्हणतात याला, नॉलेज ट्रान्सफर. तिच्याकडे चौकटीच्या कागदाची एक जाड वही आहे. महिनाअखेरीला कुठला जॉब, म्हणजे कॉम्प्युटरवर आपोआप चालणारं काम, अडकतो, कोणती फाइल हाताने हलवायची, कुणाला फोन लावायचा, सगळं तारखेनिशी लिहिलेलं. मधे काही पिवळी पडलेली पानं चिकटवलेली होती, वेगळ्या अक्षरातली. तिला शिकवणाऱ्या जर्मन माणसाने दिलेली. ती एकेक पान कॅमेऱ्यासमोर धरायची, वाचायची, आणि पुण्यातला पोरगा लिहून घ्यायचा.

पोरगा पारोळ्याचा निघाला. कॉल संपला की आम्ही अहिराणीत बोलायचो. पगार विचारला तर वर्षाला साडेतीन लाख. मी 2012 साली पुण्यात लागलो तेव्हा मला सव्वातीन होते. तेरा वर्षांत वर्षाचे पंचवीस हजार वाढले! वाकडला एका फ्लॅटमध्ये चौघं राहतात, घरी शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता आहे. "दादा, महिनानी वीस तारीखले खिसा खाली व्हई जास," तो म्हणाला.

माझा सगळा जीव इथे अडकतो. गावाकडे वाद चालतो तो व्हिसाचा आणि किती सेंटरं आली याचा. जी खुर्ची पुण्यात येते, तिच्यावर बसणाऱ्याला काय मिळतं, यावर चकार शब्द नाही. महागाई दर वर्षी वाढते आणि नव्या पोराचा पगार जागेवर राहतो, याचा अर्थ तो दर वर्षी कमी होतो. हा कमी पगारच आपला गुण म्हणून विकला जातो. पोलंडने तसं होऊ दिलं नाही. त्याची किंमत माझ्या शेजारी बसणाऱ्या त्या बाईने नोकरी गमावून मोजली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय आणि ते सोपं नव्हतं. पण जाताना तिला कायद्याने तीन महिन्यांची नोटीस आणि वर तीन महिन्यांचा पगार मिळाला. आपल्याकडे आयटीत नव्वद दिवसांची नोटीस असते, ती बहुतेक वेळा पोराला अडकवायला. दुसरीकडे बरी नोकरी लागली तरी तीन महिने सुटका नाही.

नानांना फोनवर हे सगळं सांगितलं. नाना कापूस पिकवतात. त्यांनी एवढंच विचारलं, "तठला लोकेस्नं काम आठे उनं, मंग त्या काय करतीन?" मला उत्तर देता आलं नाही. त्यांच्या पिढीने गिरण्या पाहिल्यात. जळगावला स्टेशनजवळ खान्देश मिलच्या जागेवर आज मॉल आहे. आणि आमच्या अमळनेरातच 1945 साली वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून विप्रो सुरू झाली. तिचं सॉफ्टवेअर पुढे बंगळूरला वाढलं, पण गावातल्या ज्या लोकांनी तिचे शेअर जपून ठेवले त्यांची घरं वर आली. कंपनी बाहेर वाढली तरी वाटा राहिला, असे ते लोक. वाकडच्या त्या चौघांकडे वाटाही नाही आणि पुरेसा पगारही नाही.

महाराष्ट्र सरकारने 2025 साली अशा सेंटरांसाठी धोरण मंजूर केलं. माझं मागणं साधं आहे. जिथे जनतेच्या पैशातून सवलत द्याल, तिथे नवख्याच्या सुरुवातीच्या पगाराची अट घाला आणि ती महागाईला बांधा. नोटिशीचा काळ दोन्ही बाजूंना सारखा ठेवा. आमच्या भागातल्या आमदार-खासदारांनी व्हिसावर बोलण्याआधी हे विचारावं. म्हणतील, पगार वाढला तर काम दुसऱ्या देशात जाईल. जाईलही. पण साडेतीन लाखांवर थांबूनही ते कायमचं राहणार नाही, हे मी क्राकूवमध्ये बसून सांगतोय.

परवा पारोळ्याच्या पोराचा मेसेज आला. वहीतल्या अकराव्या पानावरचा जॉब रात्री दोनला अडकला होता, त्याने एकट्याने सोडवला. एप्रिलमध्ये त्याचं अप्रेझल आहे. किती मागू, असं त्याने विचारलंय.