अण्णांचा स्क्रू-ड्रायव्हर आणि न बोलणारी गाडी

आमची गाडी ऑक्टोबर २०१० ची. म्हणजे ऑक्टोबर २०२५ ला तिला पंधरा वर्षं भरणार आणि आरसीवरची मुदत संपणार. हे माझ्या लक्षात आलं फेब्रुवारीत. आठ महिने हातात होते. आठ महिन्यांत लोक मुलीचं लग्न जमवून, लावून, जावयाशी भांडूनही मोकळे होतात. मला फक्त एक गाडी निवडायची होती.

बाबांना हा ताप नव्हता. आकुर्डीत बनणाऱ्या चेतकसाठी त्यांनी नंबर लावला, वर्षानुवर्षं थांबले, आणि स्कूटर दारात आली तेव्हा रंग कोणता आहे ते त्यांना कळलं. मिळाली यातच आनंद होता. मला मात्र सगळंच मिळत होतं आणि तिथेच घोळ झाला.

बजेट सहा लाख. पहिल्या रविवारी घरात बैठक बसली. मुलगी म्हणाली, सनरूफ पाहिजे. (पुण्याच्या उन्हात सनरूफ उघडून ही काय वाळत घालणार आहे, हे मी विचारलं नाही.) बायको म्हणाली, आपल्या पार्किंगमधल्या खांबाला न घासता आत गेली पाहिजे. आईची अट एकच: बसताना वाकायला लागू नये आणि उतरताना गुडघा वाजू नये. आणि शेवटी चौघांचं एकमत झालं ते एकाच गोष्टीवर, गाडी कोल्हापूरला गेली पाहिजे.

कोल्हापूर हे बायकोचं माहेर. आम्ही तिथे जातो दिवाळीत आणि मे महिन्यात. उरलेलं वर्षभर गाडी सिंहगड रोडवरून ऑफिसला जाऊन परत येते, मिळून १४ किलोमीटर, त्यातले चार सिग्नलला उभ्याउभ्या. पण त्या १४ किलोमीटरबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. चर्चा कोल्हापूरची.

नव्या गाड्यांच्या शोरूममध्ये मी दोनदाच गेलो. तिथला मुलगा गाडीची किंमत सांगत नाही. "सर, महिन्याला किती कम्फर्टेबल आहे?" असं विचारतो. मी म्हटलं, महिन्याला काहीच दिलं नाही तर सगळ्यात कम्फर्टेबल. तो हसला आणि त्याने कॉफी मागवली. कॉफी संपेपर्यंत मी सहा लाखांवरून आठ लाख दहा हजारांवर पोचलो होतो, कारण प्रत्येक पायरीला "फक्त चाळीस हजारांचा फरक" होता. एक्स-शोरूम ही किंमत नेमकी कुठे मिळते ते मला अजून कळलेलं नाही. शोरूममध्ये तर ती मिळत नाही.

मग सीएनजी. पैशाला परवडते, रांगेला परवडत नाही. शिवाय दर तीन वर्षांनी टाकीची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची तपासणी. पण बायकोने डिकी उघडली आणि प्रश्न तिथेच निकालात काढला. आत टाकी झोपलेली, आणि तिच्या उशाशी जेमतेम एक भाजीची पिशवी मावेल एवढी जागा. कोल्हापूरहून येताना सासूबाई गुळाची ढेप, अर्धं पोतं तांदूळ आणि कांदा-लसूण मसाल्याचा डबा देतात. "टाकी ठेवायची की आईचा गूळ, ते तू ठरव," बायको म्हणाली. यात मी काय ठरवणार?

एका कंपनीची योजना अशी होती की विजेवरची छोटी गाडी स्वस्तात घ्या, बॅटरी भाड्याची, किलोमीटरमागे अडीच रुपये. म्हणजे घोडा आपला, पाय भाड्याचे. "माहेरी निघाले की मीटर पाडणार का तू?" असा प्रश्न आल्यावर तो विषय मी पुन्हा काढला नाही.

राहिली सेकंडहँड. जाहिरातींचा अभ्यास सुरू केला. 'सिंगल ओनर, डॉक्टर यूज्ड' असं पाच जाहिरातींपैकी चारांत. पुण्यातले डॉक्टर दवाखान्यात पायी जात असावेत, कारण त्यांची एकही गाडी तीस हजार किलोमीटरच्या वर पळालेली नव्हती. 'टायर ८० टक्के' म्हणजे टायर आहेत. 'किरकोळ टचअप' म्हणजे ठोकलेली. 'फक्त सिरियस गिऱ्हाइकांनीच फोन करावा' म्हणजे आधीच्या बाराजणांनी गाडी पाहिलेली आहे.

अशातच मेहुण्याने विषय काढला, "दाजी, सेकंडहँड इलेक्ट्रिक बघा की. लोक नव्या मॉडेलसाठी जुनी काढून टाकाय लागल्यात."

मी एक्सेल शीट उघडली. वर्षाला सहा हजार किलोमीटर धरले. पेट्रोल शंभराच्या पुढे आणि गावातलं अॅव्हरेज पंधरा, म्हणजे किलोमीटरला सात रुपये, वर्षाचे ४२ हजार. विजेच्या गाडीला दोनशे किलोमीटरला साधारण तीस युनिट. आमच्या स्लॅबचा दर धरून किलोमीटरला दीड-पावणेदोन रुपये, वर्षाचे दहा हजार. बचत ३२ हजार! मी शीट रंगवून बायकोसमोर ठेवली. तिने ती नीट वाचली आणि म्हणाली, "४२ हजारांत वर्षभर रिक्षा येते. आणि सहा लाख वाचतात ते वेगळे." त्या शीटमध्ये मी हा कॉलम टाकला नव्हता.

तरी गाडी पाहायला गेलो. वाकडला एक आयटीतला मुलगा जर्मनीला निघाला होता. २०२० ची गाडी, एमएच १४, ५८ हजार किलोमीटर, बॅटरी ३०.२ युनिटांची, कागदावर एका चार्जमध्ये ३१२ किलोमीटर. मागत होता सात लाख. माझं बजेट एव्हाना 'सहा' राहिलं नव्हतं, 'सहा-सात' झालं होतं. हिरवी नंबरप्लेट पाहून आई म्हणाली, "शुभ आहे." मग तिने तिची परीक्षा घेतली: बसली, उतरली, परत बसली, परत उतरली. गुडघा वाजला नाही. एवढी शास्त्रशुद्ध टेस्ट ड्राइव्ह आमच्यात दुसऱ्या कुणी घेतली नाही.

मुलगा प्रामाणिक होता. "काका, ३१२ विसरा. एसी लावून, हायवेला, दोनशे धरा." कोल्हापूर २३०. हिशोब सरळ होता, गाडी तीस किलोमीटर अलीकडे बसणार.

"तीस अलीकडे म्हणजे कुठे?" आईने विचारलं.

"किणी टोलनाक्याच्या आसपास."

मेहुण्याला फोन लावला. तो म्हणाला, "काय काळजी करू नगासा दाजी, ट्रॅक्टर लावून देतो." जावई ट्रॅक्टरमागून ओढत गावात येतोय हे दृश्य बायकोच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं असावं, कारण ती बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिली. हायवेला हॉटेलांच्या आवारात फास्ट चार्जर असतात, आणि आई साताऱ्याच्या पुढे चहा, वडा आणि पाठ मोकळी करणं यात तसाही पाऊण तास घालवतेच, हे मी पुन्हा पुन्हा सांगितलं. कुणी ऐकत नव्हतं.

मुलाने बॅटरीचा रिपोर्ट दाखवला. नव्याच्या मानाने ९२ टक्के ताकद शिल्लक. बॅटरीची वॉरंटी आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, जे आधी होईल ते, म्हणजे २०२८ पर्यंत घोर नाही. "माझा रिपोर्ट काढला तर पन्नास निघेल," आई म्हणाली, "आणि वॉरंटी कधीच संपली."

तरीही गाडी अण्णांना दाखवल्याशिवाय घ्यायची नव्हती. अण्णा आमचे फिटर. धनकवडीत पत्र्याचं गॅरेज, तीस वर्षांचा अनुभव. अण्णांची पद्धत ठरलेली. बॉनेट उघडायचं, गाडी चालू ठेवायची, लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनवर टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. डोळे मिटायचे. मग डॉक्टरसारखं सांगायचं, "दोन नंबरचा टॅपेट वाजतोय," किंवा "वॉटर पंपाचं बेअरिंग, महिनाभर काढेल." आजवर ते चुकलेले नाहीत.

वाकडला अण्णांनी बॉनेट उघडलं. स्क्रू-ड्रायव्हर काढला. "चालू करा."

"चालू आहे," मुलगा म्हणाला.

अण्णांनी एका डब्यावर टोक टेकवलं. कान लावला. दुसऱ्या जागी टेकवलं. डोळे मिटले. उघडले. आत नारिंगी केबली, डबे, आणि कोपऱ्यात नेहमीची बारा व्होल्टची छोटी बॅटरी. अण्णांनी तिच्याकडे बोट दाखवलं, "एवढ्याशा बॅटरीवर चालती?" मुलाने सांगितलं, मोठी खाली फरशीत आहे. अण्णा बॉनेटच्या कडेवर हात ठेवून उभे राहिले. तीस वर्षांत पहिल्यांदाच एक पेशंट त्यांच्याशी बोलत नव्हता.

मग त्यांनी जॅक मागितला. निदान चाकं तरी नेहमीसारखी होती. पुढचं चाक काढलं, ब्रेक पॅड पाहिले, बोटाने जाडी मोजली, आणि मला बाजूला घेऊन कानात म्हणाले, "साहेब, मीटर फिरवलाय."

मला वाटलंच होतं. "किती मागे घेतलाय?"

"मागं नाही, पुढं घेतलाय! पॅड दहा-पंधरा हजारांच्या वर चाललेलेच नाहीत. आपल्याच गाडीचा मीटर वाढवून विकणारा माणूस मी पहिल्यांदा बघतोय."

मुलाने हे ऐकलं असावं. त्याने समजावलं की पाय उचलला की मोटरच गाडीला धरते आणि त्यातून बॅटरीत चार्ज परत जातो, म्हणून ब्रेक फारसा लागतच नाही. घाट उतरताना तर टक्के वाढतात. अण्णांनी हे सगळं ऐकून घेतलं. नंतर ऑइल किती दिवसांनी बदलायचं ते विचारलं. ऑइल नाही. क्लच प्लेट? क्लच नाही. सायलेन्सर, फॅन बेल्ट, स्पार्क प्लग? नाही, नाही, नाही. परतीच्या वाटेवर अण्णा चांदणी चौकापर्यंत काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, "यात आमचं काय कामच नाही की हो."

मला वाईट वाटलं. एका कारागिराच्या पोटावर पाय देणारी गाडी आपण घेतोय असंही वाटलं. ही भावना नंतर फारच महागात पडली.

आता सोसायटी. पार्किंगमध्ये एक १५ अॅम्पियरचा सॉकेट, माझ्याच मीटरवरून, मीटररूमपासून माझ्याच खर्चाच्या केबलने. एवढीच मागणी होती. सेक्रेटरी म्हणाले, "आज चार्जर लावाल, उद्या पिठाची गिरणी लावाल." मी सांगितलं, रोजच्या १४ किलोमीटरला दोन-सव्वादोन युनिट लागतात, तासाभराचं काम. सोसायटीचा पाण्याचा पंप याहून जास्त वेळ चालतो. पंपाचं नाव काढणं ही चूक होती. जनरल बॉडीत पुढचा दीड तास पंपावरच गेला. माझा विषय 'इतर विषयां'त होता. तिथवर पोचेपर्यंत कोरम उठून जेवायला गेला होता. पुढची मीटिंग गणपतीनंतर.

गणपतीनंतर पितृपक्ष लागला. त्यात आई सुईसुद्धा विकत घेऊ देत नाही. दरम्यान बातमी आली की २२ सप्टेंबरपासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर येतोय. पितृपक्ष २१ ला संपला, २२ ला घटस्थापना. सरकारनेही पंचांग पाहिलं असावं. ऑगस्टमध्ये गाडी न घेतल्याबद्दल नातेवाइकांत माझी दूरदृष्टीचा माणूस म्हणून ख्याती झाली. नवी आता स्वस्त झाली, म्हणजे जुनीची किंमत आणखी पडणार, असा कॉलम मी शीटमध्ये टाकला आणि साडेसहाला मागू असं ठरवून वाकडला फोन केला.

"काका, ती गेली ना. मागच्या आठवड्यात."

"कुणी घेतली?"

"तुमच्याबरोबर आलेले ना, त्यांनीच. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९, ३० वर सह्यासुद्धा झाल्या."

मी तडक धनकवडी गाठली. पत्र्याच्या शेडमध्ये, दोन उघड्या इंजिनांच्या मधोमध, हिरव्या नंबरप्लेटची ती गाडी भिंतीतल्या सॉकेटला लावलेली होती. बॉनेटवर हळद-कुंकू. टायरखाली चिरडलेलं लिंबू.

"अण्णा, अहो, तुम्ही म्हणालात यात काय कामच नाही!"

"तेच तर," अण्णा म्हणाले. "दिवसभर लोकांच्या गाड्या खोलायच्या आणि रात्री घरी जाऊन स्वतःची पण खोलायची? मला वाटलं तुम्हाला नकोय. तुम्ही काय बोललाच नाही परत." मग जरा ओशाळून म्हणाले, "साडेसहाला दिली त्यानं."

आमच्या जुन्या गाडीची पुनर्नोंदणी करायचं ठरलं. ५ हजार फी, वर ग्रीन टॅक्स, वर अण्णांचं डेंटिंग-पेंटिंग. आरटीओच्या तपासणीआधी ते आमच्याकडे आले, अर्थातच नव्या गाडीतून. खाली कधी येऊन उभे राहिले ते कुणाला कळलं नाही, बेल वाजली तेव्हाच कळलं.

पार्किंगमध्ये त्यांनी आमचं बॉनेट उघडलं. मी चावी फिरवली. गाडी दोनदा खोकली, मग थरथरत चालू झाली. अण्णांनी स्क्रू-ड्रायव्हर टेकवला, मूठ कानाला लावली, डोळे मिटले, आणि चेहऱ्यावर किती दिवसांनी हसू आलं.

"बोलतीये," ते म्हणाले. "तीन नंबरचा टॅपेट."

बायको वर गॅलरीत उभी होती. "पाच वर्षांची मुदत मिळाली ना?" तिने विचारलं. "मग ती शीट आत्ताच उघडून ठेव."