तीस सेकंदांचं ऊन

पुण्यात ट्रायपॉड उभा केला की पहिला प्रश्न फोटोबद्दल येत नाही. ‘रस्तारुंदी आहे का?’ असा येतो. कॅम्पातल्या सेंट मेरीज चर्चचा इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या उजेडाचा, फोटो काढायचा तर याचं उत्तर पाठ करून जावं. वेळ भरपूर असतो, कारण शटर एकदा उघडलं की ते अर्धा मिनिट मिटत नाही आणि तोवर आपल्याला दुसरं काही काम नसतं.

एवढा वेळ का लागतो, ते ऐकण्यासारखं आहे. कॅमेऱ्याच्या सेन्सरला साधारण 1100 नॅनोमीटर तरंगलांबीपर्यंतचा प्रकाश कळतो. आपला डोळा सातशेच्या आसपासच हात टेकतो. रोजच्या फोटोतले रंग बिघडू नयेत म्हणून कंपनी सेन्सरपुढे एक काच बसवते आणि ती इन्फ्रारेड अडवते. आपण लेन्सवर 720 नॅनोमीटरचा काळाकुट्ट फिल्टर चढवतो, तो दिसणारा प्रकाश अडवतो. म्हणजे पुढची काच दिसणाऱ्याला दारात उभं करत नाही आणि मागची न दिसणाऱ्याला. या दोघींच्या भांडणातून जे काही चुकून झिरपेल, त्यावर आपला फोटो. भर उन्हात, एफ 8 (लेन्सचं तोंड बरंच बारीक), आयएसओ 200 (सेन्सरची संवेदनशीलता कमी) ला दहा सेकंदांपासून मिनिटभरापर्यंत कितीही लागू शकतं. ते सगळं मागची काच किती कडक आहे यावर. ती किती कडक आहे हे घरीच कळतं: टीव्हीचा रिमोट इन्फ्रारेडवरच चालतो, तो लेन्ससमोर धरून बटण दाबावं. स्क्रीनवर ठिपका लख्ख चमकला तर काच मवाळ. ठिपका जेमतेम दिसला तर शटर मिनिटाच्या हिशेबात उघडं ठेवावं लागेल. अजिबात दिसला नाही तर आधी रिमोटचे सेल बदलून बघा, मग कॅमेऱ्याला नावं ठेवा.

फिल्टर लावल्यावर व्ह्यूफाइंडरमधून अंधार दिसतो. म्हणून चौकट आधी ठरवायची, फोकस आधी करायचा, आणि मग फिल्टर. तो फिरवताना फोकसची रिंगही सोबत फिरते. तिला चिकटपट्टी लावून टाकावी. इन्फ्रारेडचा फोकस नेहमीच्या जागी पडत नाही, जरा सरकतो. जुन्या मॅन्युअल लेन्सवर त्यासाठी लाल खूण असायची. नव्या लेन्सवरून ती गेली, म्हणून एफ 8 ठेवून अंदाज झाकायचा, बारीक तोंडाला फोकसची चूक खपते. स्टॅबिलायझेशन, म्हणजे हात हलल्याची भरपाई करणारी सोय, बंद. डीएसएलआर असेल तर व्ह्यूफाइंडरची मागची खिडकी झाका, नाहीतर ऊन पाठीमागून शिरतं आणि मनोऱ्यावर जांभळा पट्टा उमटतो. फिल्टर आवळून बसवू नये. उन्हात तापून तो असा अडकतो की शेवटी त्याच्याभोवती रबरबँड गुंडाळून काढावा लागतो, आणि हे काम बघायला गर्दी फोटोपेक्षा जास्त जमते.

चर्चची मात्र काहीच तक्रार नाही. 1825 साली बिशप हेबर यांच्या हस्ते त्याचं पवित्रीकरण झालं आणि तेव्हापासून ते जागचं हललेलं नाही. हलतं ते बाकी सगळं. पानं हलतात, ढग हलतात, सल्ला द्यायला आलेले गृहस्थ हलत नाहीत. अर्धा मिनिट शटर उघडं असलं की समोरून जाणारे स्कूटरवाले, रिक्षा, सायकली फोटोत येतच नाहीत, पुसल्या जातात. पण ‘काय काढताय?’ म्हणून लेन्ससमोर थांबलेला माणूस थांबतो तेवढा उमटतो. दहा सेकंद थांबला तर एक तृतीयांश. मागचा दरवाजा त्याच्या पोटातून दिसत राहतो.

आता उन्हाकडे. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी 1910 मध्ये असे फोटो प्रसिद्ध केले, तेव्हापासून हिरवी पानं पांढरीशुभ्र दिसण्याला त्यांचं नाव चिकटलं आहे. हरितद्रव्य इन्फ्रारेडला अडवत नाही आणि पानाच्या आतल्या पेशी व हवेच्या पोकळ्या त्याला उलटून बाहेर फेकतात. हिमालयात न जाता बर्फ, असं लोकांना वाटतं. पण चर्चच्या भिंती फिक्या, मागची झाडंही पांढरी, म्हणजे पांढऱ्यावर पांढरं. चांगला उभा मनोरा झाडीत विरघळून जातो. यावर एकच इलाज: खाली बसा, बाजूला सरका, आणि मनोऱ्यामागे झाड न येता आकाश येईल अशी जागा शोधा. निळं आकाश इन्फ्रारेडमध्ये जवळजवळ काळं येतं, कारण 800 नॅनोमीटरचा प्रकाश हवेत 400 च्या मानाने सोळावा हिस्साच विखुरतो. याचा एक अनपेक्षित फायदा असा की आपल्याकडे प्रत्येक वास्तूसमोरून जाणाऱ्या काळ्या केबली त्या काळ्या आकाशात बऱ्याच लपतात. बेसॉल्टच्या काळ्या इमारतींचं गणित उलटं: तिथे मागे झाडच हवं.

निरभ्र दिवस चांगला, असं सगळ्यांना वाटतं. मला तो आवडत नाही. सावलीत जो उजेड असतो तो निळ्या आकाशाचा, आणि त्यात इन्फ्रारेड फारसं नसतं. म्हणून निरभ्र दिवशी चर्चची सावलीतली बाजू डांबर ओतल्यासारखी येते. आकाशात मोठे पांढरे ढग असले तर ते ऊन परत फेकतात आणि सावली उघडते. तेव्हा हवा भाद्रपद: पानं धुतलेली, ढग जाडजूड, आणि ऊन चर्चवर पण सूर्यापुढे ढग नाही. हे शेवटचं कलम पुण्याच्या आकाशाला कधीच मान्य नसतं.

ढग आला की काय होतं? डोळ्याला थोडं मंद दिसतं. कॅमेऱ्याचा मीटरही दिसणाऱ्या प्रकाशाचाच हिशेब ठेवतो, त्याच्यावर विसंबू नये. थेट ऊन गेलं की पानांचा पांढरेपणा राखाडी होतो आणि दोन-तीन स्टॉपचा फरक पडतो, आणि दर स्टॉपला वेळ दुप्पट. तीसचे एकशेवीस ते दोनशेचाळीस सेकंद. ऊन शटरच्या मध्यावरच गेलं तर अर्धा फोटो उन्हाचा, अर्धा ढगाचा, आणि सावलीची कड धड इकडची ना तिकडची. म्हणून एक आकडा धरून बसू नये. 15, 30, 60 असे तीन घ्यावे आणि हिस्टोग्राममध्ये, म्हणजे उजेडाच्या आलेखात, लाल रंगाचा आलेख उजव्या भिंतीला धडकलाय का ते बघावं. बाकीचे दोन साळसूदपणे डावीकडे पडलेले असतात, त्यांना विचारू नका.

याहून छळ म्हणजे लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन, लांबलेल्या फोटोतले दाणे पुसण्याची सोय. साठ सेकंदांचा फोटो झाला की कॅमेरा आणखी साठ सेकंद शटर बंद ठेवून अंधाराचा फोटो घेतो आणि तो पहिल्यातून वजा करतो. त्या मिनिटात आपल्याला बटणालाही हात लावता येत नाही. बसस्टॉप सोडून चालू लागलं की मागून येणाऱ्या बससारखं लख्ख ऊन नेमकं तेव्हाच पडतं. मी म्हणेन, हे बंदच ठेवा. झाकण लावून एक अंधाराचा फोटो शेवटी स्वतः घ्या, वजाबाकी घरी करा.

वेळ कोणती? वेदी पूर्वेला ठेवण्याची जुनी प्रथा आहे, त्यामुळे दर्शनी बाजूला बहुधा दुपारनंतर ऊन येतं. पण प्रत्येक चर्च ती पाळतंच असं नाही, आधी होकायंत्र बघा. आत काढायची परवानगी मिळाली तरी हुरळू नका. एलईडी दिव्यांत इन्फ्रारेड जवळपास नसतंच. दिवे झगझगीत आणि फोटो कोरा. मेणबत्ती त्यांच्यापेक्षा कितीतरी उदार. रंगीत काचांचे रंग तर जातातच. बाहेर एकसारख्या रंगवलेल्या भिंतीवर मात्र जुन्या डागडुजीचे चौकोन उघडे पडू शकतात, कारण डोळ्याला सारखे दिसणारे दोन रंग इन्फ्रारेडला सारखे असतीलच असं नाही.

फोटोच्या मधोमध गोल उजेड आला तर तो चमत्कार नव्हे, हॉटस्पॉट. लेन्सच्या आतल्या परावर्तनाने येतो आणि एफ 11, 16 ला वाढतो. फिक्या भिंतीवर तो आणखी खुलून दिसतो. लेन्स बदला, कितीही महाग असली तरी.

हे सगळं टाळायचं तर आतली काच काढून कॅमेरा कायमचा इन्फ्रारेड करून घेतात. मग भर उन्हात 1/125 ला हातात धरून फोटो येतो आणि वॉरंटी जाते. जुना कॉम्पॅक्ट कॅमेरा घरी उघडू नका: बॅटरी काढल्यावरही फ्लॅशचा कपॅसिटर 300 व्होल्टच्या आसपास धरून बसलेला असू शकतो. आणि तो कॅमेरा घेऊन बारशाला जाऊ नका. गर्द पैठणी पांढुरकी येते, मामांचा काळा कोट मळकट, चेहरे मेणाचे आणि हातावरच्या शिरा ठळक. मामींनी फोटो मागितलाच तर कार्ड खराब झालं म्हणावं. त्यांना ते लगेच पटतं. दुपारभर एका चर्चकडे बघत उभ्या राहणाऱ्या माणसाकडून त्यांनी तशीही फार अपेक्षा ठेवलेली नसते.