भोक पाडायची अट जाचक नाही

अमेरिकेत जुनं डिझेल इंजिन बदलायला सरकार अनुदान देतं, पण जुन्याच्या ब्लॉकला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य धडाला, तीन इंची भोक पाडून ते निकामी करावं लागतं. या योजनेवरचा एक लेख वाचला, त्याच्या लेखकाला ही अट जाचक वाटली. मला उलट सगळ्या योजनेत तेवढीच कामाची वाटली. मी निपाणीचा. आमचा 2008 चा ट्रक 2021 साली विकून बीएस-6, म्हणजे नव्या प्रदूषण नियमांत बसणारा, घेतला. धूर कमी झाला म्हणायचं, पण जुना गेला कुठं? गळीत हंगामात तवंदी घाटात ऊस भरून तोच पुढं काळा धूर सोडत असतो आणि मी मागं काचा वर करून! नंबर बघायची गरजच नाही, फाळक्यावरचा मोर मीच रंगवून घेतला होता.

आपल्याकडं जुनी गाडी भंगारात काढली तर नव्या मालवाहू गाडीच्या रोड टॅक्सात 15 टक्क्यांपर्यंत सवलत आहे. पण चालू गाडीला गिऱ्हाईक भंगारवाल्यापेक्षा कितीतरी जास्त मोजतं. तो फरक कोण भरणार? शिवाय नव्या गाडीत डिझेलबरोबर धूर साफ करायला युरियाचं पाणीही वेगळ्या टाकीत ओतावं लागतं, त्या खर्चाचा लेखात उल्लेखच नाही.