आधी लोगो कुणाचा ते ठरवत बसा

आज संध्याकाळची मीटिंग फिसकटली. विषय एकच होता. घाटातल्या वळणांवरच्या क्रॅश बॅरियरबद्दल, म्हणजे रस्त्याकडेच्या लोखंडी पत्र्याच्या कठड्यांबद्दल, सगळ्या मोटारसायकल क्लबांनी मिळून एक निवेदन द्यायचं. चर्चा कशावर झाली? कागदावर कुणाचा लोगो वर आणि कुणाचा खाली. मग एकजण म्हणाला, "ते असतील तर आम्ही नाही." मग दुसरे उठले. बघता बघता निम्मी मंडळी पार्किंगमध्ये. डोकं फिरलंय माझं, म्हणून लिहितेय. लांबलचक होणार आहे, पण वाचा.

आमच्या ग्रुपचा स्वीपर तुमच्यातल्या बहुतेकांना माहीत आहे. कायम शेवटी चालणारा, कुणी मागे राहिलं की थांबणारा. वळणावर डिझेल सांडलेलं होतं, पुढचं चाक निसटलं आणि गाडी आडवी झाली. वेग फार नव्हता. हेल्मेट, जॅकेट, नी-गार्ड, सगळं अंगावर होतं. नुसता घसरत गेला असता तर कपडे झटकून उठला असता. पण तो बॅरियरच्या पत्र्याच्या खालून गेला आणि डावा गुडघा लोखंडी खांबावर आदळला. तो बॅरियर मोटारीसाठी बनवलाय. मोटार पत्र्याला घासून परत रस्त्यावर येते. पडलेला रायडर पत्र्याखाली जातो आणि खांबावर आपटतो. आज त्याचा तो पाय नीट वाकत नाही, आणि गिअर डाव्या पायानंच टाकायचा असतो, हे तुम्हाला सांगायला नको.

हॉस्पिटलमध्ये जो आला त्यानं एकच विचारलं, "किती स्पीडला होता?" नातेवाईक, शेजारी, कागद भरायला आलेला माणूस, सगळे. खांबाबद्दल एकानंही विचारलं नाही. कागदावर लिहिलं गेलं: चालकाचं नियंत्रण सुटलं. झालं, विषय संपला.

यावर उपाय नाही असंही नाही. पत्र्याच्या खाली, जमिनीलगत आणखी एक पट्टी लावायची, म्हणजे माणूस खांबापर्यंत पोचतच नाही. फ्रान्स आणि स्पेनमध्ये धोक्याच्या वळणांवर अशा पट्ट्या आहेत. त्या काही कुणा अधिकाऱ्याला पहाटे स्वप्न पडलं म्हणून लागल्या नाहीत. रायडर्सच्या संघटना वर्षानुवर्षं मागे लागल्या, तेव्हा लागल्या.

फ्रान्सचंच घ्या. सत्तरच्या दशकाच्या शेवटी सरकारनं मोटारसायकलींवर नवा कर आणायचं ठरवलं. रायडर्स हजारोंनी रस्त्यावर उतरले आणि त्यातून १९८० मध्ये संतप्त मोटारसायकलस्वारांचा महासंघ उभा राहिला. विमा कंपन्या रायडर्सकडून वाटेल तेवढा हप्ता घेत होत्या, तर या लोकांनी १९८३ मध्ये स्वतःची विमा संस्था काढली! ती आजही चालू आहे. १९९८ मध्ये युरोपातल्या संघटनांनी मिळून फेमा हा महासंघ केला. ब्रुसेल्समध्ये युरोपीय संघाचे नियम लिहिले जातात, तिथं रायडर्सच्या बाजूनं बोलायला माणूस असतो. आपल्या बाजूनं कोण बोलतं?

आणि अमेरिकेत तर ज्या क्लबांचं एकमेकांशी हाडवैर, त्यांचे लोक आपापल्या क्लबचे वेगवेगळे पॅच, म्हणजे जॅकेटवर शिवलेली क्लबची चिन्हं, घालून एका खोलीत बसले. पाठीवरचा पॅच बघून पोलीस गाडी बाजूला घ्यायला लावतात, ही तक्रार सगळ्यांची सारखीच होती. वॉशिंग्टन राज्यात त्याविरुद्ध २०११ मध्ये कायदा झाला, अमेरिकेतला तसा पहिला. त्यांना जमलं. आपलं लोगोवर अडलं.

हो, काही क्लबांमध्ये गुन्हेगार होते आणि आहेत, मान्य. पण त्यांच्या नावाखाली काय होतं तेही बघा. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये क्लबांची हाणामारी झाली आणि २०१३ मध्ये कायदा आला: सरकारनं यादीत टाकलेल्या क्लबचे तीन सदस्य सार्वजनिक ठिकाणी एकत्र दिसले तर किमान सहा महिने तुरुंग. नुसतं एकत्र दिसले म्हणून! यादीशी काडीचा संबंध नसलेल्या साध्या रायडर्सनाही थांबवून तपासत होते. त्यांनाही आधी वाटलं असेल, हे आपल्यासाठी नाही.

हेल्मेटच्या सक्तीविरुद्ध काही देशांत रायडर्स लढले, ते मला पटत नाही. हेल्मेट नसतं तर आमचा स्वीपर आज नसता. आणि रात्री-बेरात्री सायलेन्सर फोडत जाणाऱ्यांमुळे लोक आपल्यावर वैतागतात, तेही खरं आहे. पण म्हणून खांबानं पाय मोडायचा का कुणाचा?

परवा स्वीपरच्या घरी गेले होते. गाडी विकायला काढली नाहीये त्यानं, पुसून ठेवतो. मला म्हणाला, "तू रागावू नकोस सगळ्यांवर, मला उचलायला कोण कोण थांबलं होतं ते आठव." आठवतंय मला. आज जे उठून गेले त्यांच्यातलेच दोघं होते. एकानं आपलं जॅकेट त्याच्या डोक्याखाली ठेवलं, दुसरा वळणाच्या वर उभा राहून येणाऱ्या गाड्या अडवत होता. तेव्हा कुणी कुणाचा पॅच वाचला नाही. म्हणून तर जास्त चीड येते! वाईट माणसं असती तर सोडून दिलं असतं.

तो वाकलेला पत्रा नंतर बदलला, बरं का. नवा कोरा, चकचकीत. खाली तेच खांब, तसेच उघडे. मी स्वतः थांबून पाहिलं.

निवेदन मी लिहून घेतलंय, दीड पान आहे. तीन मागण्या आहेत: धोक्याच्या वळणांवर खालची पट्टी, डिझेल सांडल्याचं कळवलं की तासाभरात माती टाकायची, आणि दुचाकीचा अपघात नोंदवताना माणूस कशावर आदळला हे लिहायचं. लोगो एकाही क्लबचा नाही, आमचाही नाही. खाली फक्त नावं आणि सह्या. सगळ्या क्लबांच्या अध्यक्षांना टॅग केलंय. रविवारी राइडला निघायच्या आधी या आणि सही करा. यायचं नसेल तर कारण इथेच कॉमेंटमध्ये लिहा, आमचा स्वीपर ही पोस्ट वाचणार आहे.